नाव सरकारचे, हक्क कुणाचा?

गायरानाचा विषय निघाला की चावडीच्या ओट्यापासून तहसील कचेरीपर्यंत एकच वाक्य कानावर पडते: ती जमीन सरकारी आहे. सातबाऱ्यावर सरकारचे नाव आहे म्हणून ती विकता येत नाही, वारसाहक्काने कुणाकडे जात नाही. ते नाव आहे म्हणूनच उरलेसुरले गायरान शिल्लक राहिले, गावाच्या हाती असते तर कधीच नांगराखाली गेले असते, असा हा समज आहे. शिकलेली माणसे, निवृत्त अधिकारी, वर्तमानपत्रांतून लिहिणारे, एवढेच काय, गायरान वाचवायला निघालेले कार्यकर्तेही तो गृहीत धरून बोलतात. मग उपायही ठरलेला असतो: मोजणी आणा, अतिक्रमण काढा, फलक लावा.

मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. खानदेशातल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली गायराने नोंद नसल्यामुळे गेलेली नाहीत. त्यांची नोंद दीडशेहून अधिक वर्षे पक्की आहे. मात्र ती जमिनीची आणि मालकाची नोंद आहे. त्या जमिनीवर गुरे चारण्याचा, गवत कापण्याचा, पाणवठ्याकडे जाण्याचा गावाचा हक्क कधी कागदावर आलाच नाही. ज्याचा हक्क कागदावर नाही, त्याला विचारण्याची गरज कुणालाच पडत नाही. गायरानाची खरी दुखरी नस ही आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. त्याचे म्हणणे तिहेरी आहे. पहिले, कायद्याने ही मिळकत सरकारची असल्यामुळे सरकारी नोंद हेच तिचे सर्वात भक्कम संरक्षण. दुसरे, जे सगळ्यांचे ते कुणाचेच नसते, म्हणून गावकरी सामाईक जमीन राखू शकत नाहीत. गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हेच सिद्धांताच्या रूपात मांडले आणि तेव्हापासून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते ठाण मांडून बसले. तिसरे, गायरानाला धोका आहे तो अतिक्रमणाचा, तेव्हा अतिक्रमणे हटवली की प्रश्न मिटला. तिन्ही मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे, म्हणून तर ते टिकून आहेत. पण एकेक कसाला लावून पाहिला की तिन्ही लंगडे पडतात.

सरकारी नोंदीपासून सुरुवात करू. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला आणि १८५२ मध्ये इथे रयतवारी सर्व्हे सुरू केला. त्या वर्षी सावदा, यावल, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी सर्व्हेला एवढा कडवा विरोध केला की सरकारला फौज आणावी लागली. सारा वाढेल ही शेतकऱ्यांची भीती होती. पुढे साखळीने मोजून जमिनीचे नंबर पडले. ज्यावर सारा बसला ते रयतेच्या खात्यावर गेले आणि ज्यावर बसला नाही ते सरकारकडे राहिले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३८ व्या कलमाने सरकारी पडीक जमीन मोफत चराईसाठी राखून ठेवण्याचा अधिकार सर्व्हे अधिकाऱ्याला आणि कलेक्टरला दिला. ३९ व्या कलमाने चराईचा हक्क त्याच गावाच्या गुरांपुरता ठेवला आणि तंटा झाला तर कलेक्टरचा निर्णय अखेरचा ठरवला. स्वातंत्र्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला. त्याची २२ आणि २३ ही कलमे म्हणजे याच दोन कलमांचा नवा अवतार.

या कलमांतला अधिकार कुणाकडून कुणाकडे जातो ते पाहावे. राखून ठेवणारा कलेक्टर, वापर बदलायला परवानगी देणारा कलेक्टर, तंटा मिटवणाराही कलेक्टरच. गाव या व्यवहारात लाभार्थी आहे, पक्षकार नाही. सामाईक कुरणाची देखरेख करणारी गावकी, गुराख्याला वर्षाकाठी धान्य देण्याची रीत, कोणत्या महिन्यात कोणता डोंगर बंद आणि कोणता मोकळा याचा गावाने घातलेला दंडक, यातले काहीच मोजणीच्या कागदावर उतरले नाही. सर्व्हेला साऱ्याशी मतलब होता आणि गवतावर सारा नव्हता. त्यातच १८७८ च्या वन कायद्याने डोंगरपट्टे जंगल खात्याकडे गेले. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा गायराने जंगलात घातली गेल्याने गोरगरीब शेतकऱ्यांची जनावरे कशी उपाशी पडली, ही तक्रार त्यांनी तळमळीने मांडली होती. म्हणजे सरकारी नोंद हेच संरक्षण या मताला इथल्या इतिहासाने तेव्हाच उत्तर दिले आहे.

आजचा कागदही वेगळे सांगत नाही. गायरानाच्या एखाद्या गटाचा सातबारा हातात घेऊन पाहावा. वर गट क्रमांक आणि क्षेत्र. भोगवटादाराच्या जागी 'सरकार'. इतर अधिकारांच्या रकान्यात बहुतेक वेळा 'गुरचरण' किंवा 'गायरान' एवढाच एक शब्द, कधी तोही नाही. खाली पिकांच्या तक्त्यात गवतपड. कोणत्या वस्तीची ढोरे इथे चरतात, शेळ्यामेंढ्यांना कोणत्या महिन्यात मुभा आहे, नाल्यातल्या डोहाकडे जाणारी वाट कुठून आहे, कुसळी येण्याआधी गवत कुणी कापायचे, याचे एक अक्षर तिथे नसते. बांधापलीकडच्या खातेदाराचा सातबारा शेजारी ठेवला तर त्यावर सामाईक विहिरीतला चौथा हिस्सा असतो, सोसायटीचा बोजा असतो, बहिणीने सोडलेल्या हक्काचा फेरफार असतो. खासगी जमिनीवरचा बारीकसारीक हक्क कागदाला ठाऊक आहे. शंभर घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क मात्र त्याला एका शब्दापलीकडे माहीत नाही.

हे सगळीकडे असेच असते, असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. आपल्याच राज्यात विदर्भाची परंपरा वेगळी आहे. जुन्या मध्य प्रांतात गावोगावी निस्तार हक्कांची नोंद होई आणि आजच्या अधिनियमात १६१ व्या कलमापासून निस्तार पत्रकाची तरतूद आहे. गुरे कुठे चारायची, जळण, लाकूडफाटा, माती-मुरूम कुठून आणि कोणत्या अटीवर घ्यायचा, हे गावकऱ्यांचा कल घेऊन त्या पत्रकात लिहायचे असते. वाट, पाणी, मासेमारी यांच्या रूढींसाठी 'वाजिब-उल-अर्ज' हा वेगळा दस्तऐवज आहे. पण ही तरतूद विदर्भापुरती ठेवलेली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्या भागातल्या गावांना पुरावा म्हणून दाखवायला निस्ताराच्या जुन्या नोंदी होत्या. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या गावाकडे तशी नोंद नाही, कारण मुंबई इलाख्याने ती कधी केलीच नाही. एकाच राज्यात, एकाच अधिनियमाखाली, एका भागात गावाचा हक्क लिहिला जातो आणि दुसऱ्या भागात लिहिला जात नाही. या भेदाला इंग्रजी अमदानीतल्या प्रांतांच्या हद्दींपलीकडे काहीही आधार नाही.

सरकारी नाव जमीन राखते, हे म्हणणे आणखी एका कारणाने टिकत नाही. गायरान सर्वात सहजपणे देऊ शकते ते सरकारच. गावाला शाळा हवी, पाण्याची टाकी हवी, घरकुले हवीत, उपकेंद्र हवे, की बोट गायरानाकडे जाते, कारण तिथे भूसंपादन नाही, मोबदला नाही आणि हरकत घेणारा खातेदार नाही. अधिनियमात नंतर २२-अ हे कलम घालून गायरान दुसऱ्या वापरासाठी वळवायला मनाई केली गेली. पण सार्वजनिक प्रयोजन असेल आणि दुसरी योग्य जमीन नसेल तर देता येते, हा अपवादही तिथेच आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. तिच्यासाठी शासकीय जमिनी नाममात्र भाड्याने देण्याचे धोरण आहे आणि त्यांत गायरानेही येतात. दिवसा वीज ही कापूस आणि केळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याची खरी गरज आहे, ती मी नाकारत नाही. पण ती गरज भागवताना कोणाची गरज कापली जाते, हे कळायला कागदावर काही नसते. हरकतीसाठी जाहीर नोटीस लागते तेव्हा शेळ्या राखणारी विधवा कोणत्या हक्काने हरकत घेणार? तिचा हक्क कुठेही लिहिलेला नाही.

आता दुसरा मुद्दा, गावकरी राखू शकत नाहीत. हार्डिनने वर्णन केलेली जमीन ही नियम नसलेली, कुणीही शिरावे अशी मोकळी जमीन होती. पुढे त्याने स्वतःच मान्य केले की आपले म्हणणे व्यवस्था नसलेल्या सामाईक जमिनीला लागू आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरची उदाहरणे तपासून दाखवले की सीमा ठरलेल्या असतील, नियम वापरणाऱ्यांनी केलेले असतील, देखरेख त्यांचीच असेल आणि वरचे सरकार त्यांचा हा अधिकार मानत असेल, तर सामाईक कुरणे, जंगले आणि पाणी शतकानुशतके टिकतात. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण त्यासाठी परदेशी दाखल्याची गरज नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने नव्वदच्या दशकात उजाड झालेले जंगल राखायला घेतले. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने नियम केले, राखणदार नेमले, तोडणाऱ्याला दंड लावला, बैलगाडीने लाकूड वाहायला बंदी केली. चारशेहून अधिक हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले, झऱ्यांना पाणी आले आणि तिथल्या रानभाज्या पाहायला आता दूरदूरची माणसे येतात. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. धुळे तालुक्यातल्या लामकानीने डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या प्रेरणेने गावालगतच्या टेकड्यांवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. ज्या माळावर आधी निव्वळ खडी दिसे तिथे पवन्या, मारवेल अशी सकस गवते परत आली. बंदी म्हणजे गवत कुणालाच मिळणार नाही, असा तिचा अर्थ नसतो. पावसाळाभर गुरे आत सोडायची नाहीत आणि गवत तयार झाले की कापून न्यायचे, एवढाच तो नियम आहे. गवताला फुटायला आणि बी धरायला उसंत मिळाली की दोन-तीन पावसाळ्यांत माळाचा चेहरा बदलतो. ही समज गावाकडे होती, ती पाळायला कुठल्याही खात्याचा हुकूम लागला नाही. या दोन गावांनी दाखवले की खानदेशच्या कमी पावसाच्या मुलखातही गाव राखू शकते. दुर्दैव एवढेच की राखण्याची जबाबदारी गावाने घेतली, तरी राखण्याचा अधिकार त्याला सहजासहजी मिळत नाही.

तिसरा मुद्दा अतिक्रमणाचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणे काढण्याची योजना करायला सर्व राज्यांना सांगितले. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाने त्यानुसार निर्णय काढला. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन गायरानांवरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढायचे आदेश दिले. अतिक्रमणांची संख्या तेव्हा दोन लाखांच्या वर सांगितली गेली. नोटिसा निघाल्या आणि गावोगावी सर्वात आधी धडकी भरली ती गावकुसाबाहेरच्या वस्त्यांना.

इथे न्यायालयाचा निकाल नीट वाचायला हवा. जगपालसिंग निकालातच अपवाद सांगितलेले आहेत: भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाने रीतसर दिलेले पट्टे, आणि जिथे आधीच शाळा किंवा दवाखाना आहे अशा जागा. महाराष्ट्रात या अपवादामागे फार मोठा लढा उभा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक सरकारी जमिनींसाठी जे सत्याग्रह केले, त्यांत १९५९ चा सत्याग्रह नाशिक आणि खानदेशात पेटला होता. तेव्हा हजारो माणसे तुरुंगात गेली. शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तेही याच लढ्याचे फळ. सातपुड्याच्या पायथ्याशी नेवाड, म्हणजे जंगलातली अतिक्रमित शेती, कसणाऱ्या भिल्ल-पावऱ्यांची कहाणीही याच जातीची आहे. पण गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, या सगळ्यांना एकाच रांगेत बसवते: दोन एकरांवर पोट भरणारा भूमिहीन, शेजारच्या गटातून दरवर्षी दोन तास सरकून गायरान गिळणारा बडा खातेदार आणि रस्त्याला लागून गाळे काढणारा पुढारी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या १४ व्या कलमाने अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. हे कलम गावच्या निवडणुकीत एकमेकांना पाडायला वापरले जाते, गायरान सोडवायला क्वचितच.

अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांनी महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू भागांत अभ्यास करून १९८६ मध्ये दाखवले की गरीब कुटुंबांच्या उत्पन्नातला १४ ते २३ टक्के वाटा सामाईक जमिनीतून येत होता, आणि गरिबांना वाटण्याच्या नावाखाली त्या जमिनी फोडल्या गेल्या तेव्हा त्यांचा मोठा भाग सधनांच्या हाती गेला. म्हणून अतिक्रमणाचा प्रश्न सोडवायचा तर आधी हक्कदार कोण आणि बळकावणारा कोण, हे वेगळे करणारी नोंद हवी. ती नसेल तर जेसीबी नेहमी दुबळ्याच्या झोपडीपासून सुरुवात करतो.

यावर काहीजण म्हणतील, मग एकदाच मुदत देऊन सगळे हक्क नोंदवून घ्या. हा मार्ग इंग्लंडने अवलंबून पाहिला आहे. तिथे १९६५ च्या कायद्याने सामाईक जमिनी, गावची हिरवळीची मैदाने आणि त्यांवरचे चराईचे हक्क स्थानिक प्राधिकरणांकडे नोंदवायचे होते. अर्जांची मुदत जानेवारी १९७० मध्ये संपली आणि ज्यांचे हक्क नोंदले गेले नाहीत त्यांचे हक्क कायमचे बुडाले. ज्यांना कायदा कळला नाही, वकील परवडला नाही, त्यांनी गमावले. चुका दुरुस्त करायला २००६ मध्ये नवा कायदा करावा लागला. या अनुभवाची चांगली बाजू आपण घ्यावी: जमीन, तिच्यावरचे हक्क आणि मालकी यांची तीन स्वतंत्र नोंद-सदरे. वाईट बाजू टाळावी: मुदत संपली की हक्क बुडाला, हा नियम खानदेशात आणला तर पाड्यांवरचा माणूस पहिला बाद होईल.

आता मंडन. नोंदीत पाच गोष्टी हव्यात. गायरानाची गावाने फिरून ठरवलेली हद्द. ते वापरणाऱ्या वस्त्या आणि घरे, त्यांत भूमिहीन आणि स्त्रियांची नावे आधी. कोणत्या ऋतूत काय वापर, हे तिसरे. गावाने केलेले राखणीचे नियम, हे चौथे. आणि पाचवी, वापर बदलायचा तर ग्रामसभेची आधी घेतलेली संमती. तिसऱ्या बाबीत भटक्या पशुपालकांना जागा असलीच पाहिजे. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन मुलूखभर फिरतात, काठेवाडी गुरांचे तांडे खानदेशात येतात. शेतकरी त्यांना खतासाठी मेंढ्या शेतात बसवायला बोलावतो. अधिनियमाचे २३ वे कलम मात्र चराई त्याच गावाच्या गुरांपुरती ठेवून त्यांना परके ठरवते. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला, पण फक्त वनजमिनीवर. म्हणजे यावल-रावेरच्या सातपुड्यात दावा दाखल करायला नमुना आहे, आणि अमळनेर-पारोळ्याच्या सपाटीवरच्या गायरानासाठी काहीच नाही.

ही पोकळी भरायला नवा कायदा लागत नाही. निस्तार पत्रकाचे प्रकरण विदर्भाबाहेर लागू करणारी छोटी दुरुस्ती विधिमंडळाने केली तर जळगाव आणि धुळ्यातल्या प्रत्येक गावाला आपला हक्क लिहून घेण्याची वाट मोकळी होईल. नोंदीमुळे गावागावांत भांडणे लागतील, अशी भीती घातली जाते. भांडणे आजही आहेत, फक्त ती दांडगाईने मिटतात आणि दुबळा हरतो. लिहिलेल्या हक्कावर निदान अपील करता येते.

दुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तलाठ्याकडून गाव नमुना १-ब (सरकारी जमिनींची नोंदवही) आणि १-ई यांच्या नकला मागाव्यात. ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही उघडून त्यात आपले गवत, आपली झाडे, आपल्या चराईच्या वाटा लिहिल्या आहेत का ते पाहावे, नसतील तर लिहाव्यात. येत्या ग्रामसभेत या पाच बाबींचा ठराव करून तो इतिवृत्तात सही-शिक्क्यानिशी घ्यावा आणि तहसीलदारांकडे पोच घेऊन द्यावा. तो ठराव कायद्याने पुरेसा ठरेल की नाही, हा पुढचा प्रश्न. पण ज्या दिवशी कुणी गायरान मागायला येईल, त्या दिवशी गावाकडे दाखवायला कागद असेल. विदर्भाकडे तो आहे. खानदेशाने तो आता करावा.